एका युनिटचा कोळसा आणि एकूण कोळसा

मनीषनगरचे रेल्वे फाटक ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ताटकळणे म्हणजे काय हे सांगायला नको. उड्डाणपूल होण्यापूर्वी शाळेतून परतताना त्या फाटकाशी सायकल धरून मी कोळशाच्या मालगाडीचे डबे मोजीत असे. अठ्ठावन्न, कधी एकोणसाठ. एवढा कोळसा लागतो तरी कुणाला, हा प्रश्न तेव्हा पडला होता. त्याचा पाठपुरावा मात्र अर्थशास्त्र विषय घेतल्यावर झाला. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे, तेव्हा जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

उदाहरण आपल्या शहराजवळचेच घेऊ. नागपूरच्या उत्तरेस असलेले कोराडीचे औष्णिक विद्युत केंद्र 1974 पासून वीज निर्माण करीत आहे. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि वाफेने टर्बाइन फिरवायचे, ही त्याची रीत. पण कोळशातील सगळी उष्णता विजेत उतरत नाही. टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते आणि तिची उष्णता वाया जाते. वाफ जितकी तप्त, तितके तिच्याकडून अधिक काम करून घेता येते. या विचाराचा पाया फ्रान्सच्या सादी कार्नोने 1824 मध्ये घातला. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते, कुकरमध्ये दाबामुळे त्याहून अधिक तापते. कोराडीत 2015 ते 2017 या काळात सुरू झालेले 660 मेगावॅटचे तीन 'सुपरक्रिटिकल' संच याच वाटेने पुढे गेलेले आहेत. त्यांत दाब इतका असतो की पाणी उकळत नाही. बुडबुडे न येताच त्याची वाफ होते.

आता थोडा हिशेब करू. एक युनिट वीज म्हणजे 860 किलोकॅलरी. जुन्या धर्तीच्या संचाची कार्यक्षमता 33 टक्के, नव्याची 39 टक्के आणि कोळशाची उष्णता किलोमागे 3500 किलोकॅलरी धरली, तर जुन्या संचाला युनिटमागे सुमारे 745 ग्रॅम कोळसा लागेल, नव्याला 630 ग्रॅम. म्हणजे 115 ग्रॅमची बचत. कर्बवायू आणि राखही त्याच प्रमाणात कमी. ही प्रगती खरी आहे आणि ती करणाऱ्या अभियंत्यांचे कौतुकच केले पाहिजे.

पण इथेच थांबलो तर हिशेब अर्धा राहतो. कोराडीच्या जुन्या सात संचांची मिळून क्षमता 1100 मेगावॅट होती. त्यांतले बहुतेक आता निवृत्त झाले आहेत. नव्या तिघांची क्षमता 1980 मेगावॅट आहे. दोन्ही दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले असे मानू. जुन्यांना रोज सुमारे 19,700 टन कोळसा लागला असता, नव्यांना सुमारे 30,000 टन लागेल. एका मालगाडीत चार हजार टन धरले, तर पाच गाड्यांच्या जागी साडेसात गाड्या! नव्या संचांइतकीच वीज जुन्या पद्धतीने केली असती तर 35,400 टन जळाले असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मागणी वाढली, म्हणून कोळसा वाढला.

इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्येच बजावले होते की, कोळसा काटकसरीने वापरता येऊ लागला म्हणून त्याचा एकूण खप घटेलच, असे मानणे चूक आहे. वस्तू स्वस्तात पडू लागली की तिचा वापर वाढतो.

आपले कायदे कोणता आकडा पाहतात? ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखाली 2012 पासून सिमेंट, पोलाद, वीज अशा मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची उद्दिष्टे देण्यात आली. अधिक बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळत आणि कमी पडणारा ती विकत घेई. 2023 मध्ये कर्ब-उत्सर्जनासाठीही बाजारपेठेची योजना जाहीर झाली. दोन्हींत मोजमाप उत्पादनाच्या एककामागे. कारखाना दुप्पट झाला तरी उद्दिष्ट गाठता येते!

कोराडीला आणखी दोन 660 मेगावॅट संचांच्या प्रस्तावावर 29 मे 2023 रोजी जनसुनावणी झाली. असे संच युनिटमागे कमी कोळसा जाळतात, हे मान्य. पण चिमणीखाली राहणारा माणूस युनिटमागचा धूर घेत नाही, एकूण धूर घेतो.

एकूण आकडा कमी करता येतच नाही, असे नाही. कोराडीसाठी भांडेवाडीला शहराचे सांडपाणी शुद्ध करणारे, दररोज 13 कोटी लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले. जितके सांडपाणी तिथून जाते, तितके चांगले पाणी पिण्यासाठी वाचते. ही बचत एकूणातली आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक कारखान्याने दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत, एककामागचा आणि एकूण. आपणही आपल्यापुरते तेच करावे. दिवे नवे, कमी विजेचे बसवले म्हणून रिकाम्या वर्गात ते जळत ठेवण्याची मुभा मिळत नाही. तिथे वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे कुठेतरी सहाशे ग्रॅमहून अधिक कोळसा जळायचा राहतो.

आता मी पुलावरून जाते. खाली गाडी दिसली की डबे मोजायची सवय मात्र सुटलेली नाही.

(बी. ए. भाग दोन)