व्हिडिओ-संपादनासाठीं लॅपटॉप कसा निवडावा?

गेल्या स्नेहसंमेलनानंतर आपल्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. मुलाला व्हिडिओ जोडण्याचा नाद लागला आहे. पतपेढीचें कर्ज काढून पन्नास हजारांपर्यंतचा लॅपटॉप घ्यावयाचा आहे. तो कोणता घ्यावा, असें त्यांनीं विचारलें. अशा खरेदींत चूक झाली तर तिचे हप्ते सबंध कुटुंबास भरावे लागतात. ती चूक मीं स्वतः केलेली असल्यामुळें हा विषय येथें थोड्या विस्तारानें मांडतों.

विद्यार्थ्यांनो, प्रथम यंत्राला काय काम करावें लागतें तें पाहूं. फुल एचडी चित्राची एक चौकट १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच असते. म्हणजे एकूण बिंदू २०,७३,६००. प्रत्येक बिंदूच्या रंगास ३ बाइट धरले तर एका चौकटीस सुमारें ६२ लक्ष बाइट लागतात, आणि सेकंदास ३० चौकटी असल्यास १८ कोटींहून अधिक! फोर-के चित्रांत हाच आकडा चौपट होतो. एवढा पसारा फोनमध्यें फार वेळ मावणें शक्य नाहीं. म्हणून फोन तो एच. २६४ किंवा एच. २६५ या पद्धतीनें आवळून ठेवतो. एक चौकट पूर्ण लिहावयाची व पुढील कित्येक चौकटींत काय बदललें तेवढेंच टिपावयाचें, अशी ही युक्ति आहे. ओळीनें पाहणाऱ्यास त्याची अडचण भासत नाहीं. संपादक मात्र मध्येंच उडी मारतो, मागें जातो, दोन-तीन चित्रें एकावर एक ठेवतो. आणि प्रत्येक उडीस यंत्राला मागची पूर्ण चौकट शोधून तेथून हिशेब मांडीत यावें लागतें. स्वस्त लॅपटॉप अडखळतो तो येथें.

मग पैसा कोठें घालावा? माझ्या मतें पहिला मान रॅमचा. ८ गिगाबाइट या कामास अपुरी पडते. दा व्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरचे कर्तेही विंडोजसाठीं १६ सांगतात, व त्याची साधी आवृत्ति विनामूल्य मिळते. कांहीं वर्षांपूर्वीं मीं ८ गिगाबाइटचा एक पातळ, देखणा लॅपटॉप घेतला. रॅम पुढें वाढवूं, असा विचार केला. मागाहून कळलें कीं ती मुख्य पाटीवर कायमची डाख देऊन बसविलेली होती. दुकानदारानें सांगितलें नाहीं हें खरें. पण मीं विचारलें तरी कोठें होतें? तेव्हां दुकानांत पहिला प्रश्न हाच करावा कीं, रॅमसाठीं मोकळा स्लॉट आहे काय?

प्रोसेसरच्या नांवास भुलूं नये. रायझन ५ ७५२०यू हा २०२३ सालचा वाटतो, पण त्यांतील झेन २ ही रचना २०१९ ची व कोअर चारच. ७५३०यू मध्यें झेन ३ ही रचना व सहा कोअर आहेत. या मालिकेंत तिसरा अंक पाहावा. इंटेलमध्यें चित्र उलगडणारा क्विक सिंक हा स्वतंत्र भाग असतो, त्याचा मोठा उपयोग होतो. साठवणीस एसएसडीच हवी. पडद्याच्या माहितींत ४५ टक्के एनटीएससी असें लिहिलें असेल तर रंग फिके दिसतील. पण पैसे थोडे असतां ही उणीव मी पत्करीन.

कचेऱ्यांतून निघालेले, दुरुस्त केलेले लॅपटॉपही विचारांत घ्यावे. त्यांपैकीं पुष्कळांत रॅमचे दोन स्लॉट असतात. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं इंटेलची बहुधा आठवी किंवा त्यापुढील पिढी लागते. त्याहून जुनें यंत्र घेऊं नये.

ज्यांच्या घरीं दुबळें यंत्र आधींच आहे त्यांनीं निराश होऊं नये. मूळ चित्रांच्या लहान प्रति, म्हणजे प्रॉक्सी, करून घ्याव्या. कापणें-जोडणें त्यांवर करावें. शेवटीं फीत तयार होतांना सॉफ्टवेअर मूळ चित्रेंच घेतें. माझ्या त्या ८ गिगाबाइटच्या लॅपटॉपवर संमेलनाची फीत अशीच पुरी झाली. रात्र मात्र सगळी गेली!

त्या गृहस्थांस मीं आणखी एक सुचविलें: मुलाच्या फोनमधील दोन-चार व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन दुकानांत जावें, व तेथील यंत्रावर ते मागें-पुढें ओढून पाहावे. बापलेक तसे गेले. पहिल्या दुकानदारानें नकार दिला. दुसऱ्यानें खुर्ची दिली.