संरक्षण मागावे की मोकळे राहावे?

शास्त्रवाचन : अनुवाद ६:४-९, १ शमुवेल ८, प्रेषितांची कृत्ये २५:१-१२, २६:३०-३२

लेकरांना शिकविण्याचे दायित्व प्रथम आईबापांवर आहे, ही अनुवादाच्या सहाव्या अध्यायाची शिकवण आपल्या परिचयाची आहे. अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी तिचा असा अर्थ घेतला की, भाषा, गणित, इतिहास हे सर्व विषयही घरीच शिकवावेत. हा अर्थ सर्वांना मान्य होईल असे नाही. परंतु त्या कुटुंबांपुढे उभा राहिलेला प्रश्न आपणही अभ्यासावा असा आहे : जो कायदा आज आपले रक्षण करतो, तोच उद्या आपल्याला बांधून टाकील काय?

१. पार्श्वभूमी
आपल्या देशात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत आला. अमेरिकेच्या राज्यघटनेत मात्र शिक्षणाचा उल्लेखच नाही. दहाव्या दुरुस्तीनुसार असे विषय राज्यांकडे राहतात. त्यामुळे गृहशिक्षणाचे नियम राज्यागणिक निराळे आहेत. टेक्सासमध्ये पालकांना राज्याला कळवावेही लागत नाही. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी मुलाच्या प्रगतीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते.

२. १९९४ चा प्रसंग
त्या वर्षी केंद्रीय शिक्षण-अनुदानाच्या एका विधेयकात, शिक्षकाजवळ आपल्या विषयाचे प्रमाणपत्र असावे, असे कलम आले. ते घरी शिकविणाऱ्यांसाठी नाही, असे ते मांडणाऱ्यांचे म्हणणे होते. तथापि आईबापांना धास्ती वाटली. काँग्रेसच्या कार्यालयांत दूरध्वनींचा पूर लोटला. २४ फेब्रुवारी १९९४ रोजी प्रतिनिधिगृहाने ४२४ विरुद्ध १ मतांनी ते कलम काढले, आणि गृहशाळांना हा कायदा लागू नाही असा स्पष्ट खुलासाही संमत केला. तशी तरतूद तेथील शालेय शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात आजही आहे.

३. आपसांतील मतभेद
खरा पेच २००३ साली पडला. गृहशिक्षितांविषयीचा भेदभाव दूर करणारे विधेयक काँग्रेसपुढे आले. महाविद्यालयीन अर्थसाहाय्य, सैन्यभरती, शैक्षणिक बचत खाती अशा बाबतींत त्यांची अडचण निवारण्याचा त्यात हेतू होता. एक पक्ष म्हणाला, अन्याय कायद्यातून झाला आहे, तर तो कायद्यानेच दूर व्हावा. दुसरा म्हणाला, कायद्यात आपले नाव आले की आपली व्याख्या करण्याचा अधिकार सरकारला मिळतो. आणि जो व्याख्या करतो तो ती बदलूही शकतो. विधेयक संमत झाले नाही; सैन्यभरतीची तरतूद २०११ च्या अखेरीस संरक्षणविषयक कायद्यातून निराळी झाली.

तिसरा आवाजही ऐकला पाहिजे. स्वतः घरी शिकून मोठ्या झालेल्या काहींनी २०१३ मध्ये संस्था स्थापन करून राज्यांकडे देखरेखीची मागणी केली. ज्या घरात लेकराची हेळसांड होते, त्या घराच्या दाराशी कोणीच येत नसेल, तर ते लेकरू कोणाकडे पाहील, हा त्यांचा प्रश्न आहे.

४. शास्त्राच्या प्रकाशात
पौलाने कैसराकडे दाद मागितली. कायद्याचा आश्रय घेणे हा अविश्वास नव्हे, हे ह्यावरून दिसते. त्यामुळे यरुशलेमच्या वाटेवर टपलेल्या मारेकऱ्यांपासून तो वाचला. परंतु त्याच मागणीमुळे सुटकेची वाट बंद झाली, असे अग्रिप्पाचे मत पडले, आणि तो रोमला गेला तो बंदिवान म्हणूनच. इस्राएलाने रक्षणासाठी राजा मागितला, तेव्हा राजा मुले, शेते व कळप ह्यांवर हक्क सांगेल, हे शमुवेलाने आधीच बजावले होते. लोकांनी किंमत ऐकली, पण मोजली नाही.

म्हणून कायदा मागणे पाप नाही. जितकी गरज तितकेच मागावे आणि किंमत मोजून मागावे. तसेच आपल्या मोकळीकीचा हिशेब आपण देवाला व आपल्या लेकरांना देणे लागतो, ह्याचाही विसर पडू नये.

मननासाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीने वा संस्थेने सरकारचे जे साहाय्य स्वीकारले आहे, त्याबरोबर कोणत्या अटी आल्या?
२. आपल्या घरातील शिक्षणाची विचारपूस मंडळीतील एखाद्या वडिलाने केली, तर आपण त्याचे स्वागत करू काय?