तेरावा महिना

आपल्याकडचा अधिक मास पंचांगात अगोदरच छापलेला असतो, त्यामुळे तो दुष्काळात येऊन कोसळला तरी त्याच्या आगमनाची वर्दी मिळाली नव्हती अशी तक्रार कोणाला करता येत नाही. माझ्या वाट्यास आलेला तेरावा महिना मोजण्याचे काम मात्र सर्वस्वी माझ्याकडे होते, ते मी केले नाही, आणि पुढची सारी हकीकत एवढ्याच हलगर्जीपणातून उद्भवली.

सतरा वर्षे मी पुण्यात मोटार चालविली. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी अडकून पडणे, भर पावसात कात्रजचा घाट उतरणे आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीस्वाराकडे तो स्वाभाविक निसर्गक्रम आहे अशा समभावाने पाहणे, या तिन्ही विद्या मला साधल्या होत्या. नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडातील मिल्टन कीन्स या शहरी बिऱ्हाड हलविण्याचे ठरले, तेव्हा थंडी, घरभाडे, मुलाची शाळा अशा अनेक गोष्टींची धास्ती मनात होती, मोटारीची नव्हती. तेथेही वाहने डाव्या अंगाने जातात, चाक उजव्या हाताशी असते, आणि माझा परवाना तर इंग्रजीत छापलेला होता. अमेरिकेस गेलेले माझे स्नेही उजव्या बाजूच्या वाहतुकीने किती भांबावून जातात याच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या, व त्या ऐकताना मला त्यांची कीवही आली होती. आज असे वाटते की भाग्यवान ते होते; परका दिसणारा रस्ता माणसास सावध ठेवतो, ओळखीचा दिसणारा रस्ता त्यास निजवितो.

साम्य केवळ रस्त्याचे नाही, कायद्याचेही आहे. तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईसाठी मोटारीचा विमा सक्तीचा करणारा ब्रिटिश कायदा १९३०चा, आणि आपल्या १९३९च्या मोटार वाहन कायद्यातील विम्याचे प्रकरण त्याच वळणावर बेतलेले. ‘थर्ड पार्टी’ हे शब्द मी पुण्यात दरवर्षी एजंटाच्या तोंडून ऐकत असे, त्यामुळे त्यांचा अर्थ मला ठाऊक आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ग्रेट ब्रिटनचा नियम असा आहे, की भारतीय परवान्यावर लहान मोटार चालविण्याची मुभा मनुष्य तेथील रहिवासी झाल्यापासून बारा महिने असते. त्यानंतर तो परवाना, त्यावर २०३१ सालापर्यंतची मुदत ठसठशीतपणे छापलेली असली तरी, त्या भूमीवर निरुपयोगी ठरतो. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका, फार काय झिंबाब्वे, अशा काही देशांचे परवाने देऊन त्यांच्या बदल्यात ब्रिटिश परवाना घेता येतो. त्या यादीत भारत नाही. भारतीयाने नव्याने शिकाऊ परवाना काढावा, लेखी परीक्षा द्यावी, मग रस्त्यावरची परीक्षा द्यावी, असा सरळ हुकूम आहे, मग त्याने सतरा वर्षे गाडी चालविलेली असो की सतरा दिवस.

हा नियम मला माहीत नव्हता असे नाही. तो मी माझ्या सोयीने वाचला. मार्चच्या तीन तारखेस मी इंग्लंडात उतरलो. ऑक्टोबरात वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यास आलो, सात आठवडे राहिलो, आणि डिसेंबरात परत गेलो तेव्हा माझे वर्ष पुनश्च पहिल्यापासून सुरू झाले असे मी गृहीत धरले. प्रवासी म्हणून येणाऱ्यास लागू असणारा नियम आणि बिऱ्हाड करून राहणाऱ्यास लागू असणारा नियम यांची मी मनात खिचडी केली, आणि आमच्यातीलच एका गृहस्थांनी ‘अहो, इंटरनॅशनल परमिट आहे ना तुमच्याकडे, मग कशाला काळजी?’ असा धीर दिल्यावर त्या खिचडीवर तूपही पडले. ते परमिट म्हणजे वस्तुतः मूळ परवान्याचा निरनिराळ्या भाषांतील अनुवाद. मूळ दस्तऐवजाची मान्यता संपली की अनुवादाची कोठून उरणार?

मिल्टन कीन्सचे मुख्य रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले असून, आडव्यांना ‘एच’ व उभ्यांना ‘व्ही’ हे अक्षर देऊन पुढे क्रमांक घातलेले आहेत. आणि जेथे दोन रस्ते एकमेकांस छेदतात तेथे बहुधा सिग्नल नसून गोलचक्कर असते. अशी चक्रे त्या एका शहरात शंभरांहून अधिक आहेत. उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावयाची, हा चक्रप्रवेशाचा मूलमंत्र. एप्रिलच्या एकोणीस तारखेस सकाळी, माझ्या पुढची मोटार चक्रात शिरू लागली असे पाहून मी मान उजवीकडे वळविली, वाट मोकळी दिसली, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, आणि पुढच्या गृहस्थांनी ऐनवेळी विचार बदलून ब्रेक दाबला असल्याचे मला बंपरच्या आवाजाने कळले. कोणास इजा झाली नाही. त्या गृहस्थांनी उलट मलाच ‘सॉरी’ म्हटले, दोघांनी एकमेकांची नावे, पत्ते व विम्याचा तपशील उतरवून घेतला, आणि मी अपघातापेक्षा त्यांच्या सौजन्याचाच विचार करीत कचेरीत गेलो.

दुसऱ्या दिवशी विमाकंपनीच्या बाईंशी फोनवर झालेले संभाषण मला अद्याप शब्दशः आठवते. ठिकाण, वेळ, हवामान, वेग अशा जाबजबाबानंतर त्यांनी अगदी सहज विचारले, की आपण या देशात राहावयास केव्हा आलात? मी तीन मार्च म्हणालो. कोणत्या वर्षीचा, असे त्यांनी विचारले. मी वर्ष सांगितले. पलीकडे कळफलकाचा आवाज झाला, मग थोडी शांतता पसरली, आणि त्या शांततेतच माझा हिशेब प्रथमच बरोबर जमला.

त्या देशातील विम्याचे जे रहस्य मला त्यानंतर उमगले, ते असे. सक्तीचा विमा मुळात विमेदाराच्या रक्षणासाठी नसून रस्त्यावरील तिऱ्हाइताच्या रक्षणासाठी आहे. माझा परवाना त्या दिवशी ग्राह्य नव्हता, सबब पॉलिसीच्या अटी माझ्या बाजूने मोडलेल्या होत्या. तरीदेखील समोरच्या गृहस्थांचे देणे कंपनीस चुकवावे लागले, आणि ते चुकविल्यावर माझ्याकडून वसूल करण्याचा हक्क कायद्याने कंपनीस दिलेला होता. मागचा बंपर, त्यातील सेन्सर, रंगकाम आणि दुरुस्ती चालू असेतो त्यांना द्यावी लागलेली भाड्याची मोटार, असा ३,१४० पौंडांचा हिशेब माझ्या नावे निघाला. माझ्या स्वतःच्या मोटारीचे दिवे मी माझ्या खर्चाने बसविले. पॉलिसी रद्द झाली, आणि हा सर्वांत दूरगामी भाग. कारण पुढे प्रत्येक अर्जात ‘आपला विमा पूर्वी कोणी रद्द केला आहे काय?’ या प्रश्नापुढे मला ‘होय’ लिहावे लागते, आणि त्या एका शब्दाची किंमत हप्त्यात मोजावी लागते.

पोलिसांकडे हे प्रकरण गेले नाही, हे माझे दैव. विम्यावाचून मोटार चालविल्यास जागेवरच ३०० पौंड दंड आणि परवान्यावर सहा गुण, न्यायालयात गेल्यास दंडास वरची मर्यादा नाही, आणि मोटार जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना आहे. हे गुण शाळेतल्यासारखे मिळविण्याचे नव्हेत, टाळण्याचे आहेत. नवा परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत सहा गुण साचले, की परवाना रद्द होऊन सर्व परीक्षा मुळापासून द्याव्या लागतात.

तेव्हा शिकाऊ परवान्याचा अर्ज केला. सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर त्यास ३४ पौंड पडतात. मधल्या दलालांची गरज नाही, आणि जे स्वतःस अधिकृत भासवून वरकड पैसे उकळतात त्यांच्यापासून दूर राहणे बरे. लेखी परीक्षेत पन्नास प्रश्न असून त्रेचाळीस बरोबर यावे लागतात, ते पाठांतराच्या जोरावर कोणाही मराठी विद्यार्थ्यास अशक्य नाहीत. फजिती झाली ती तिच्या दुसऱ्या भागात. तेथे रस्त्यावरच्या चौदा चित्रफिती दाखवितात, आणि ज्या क्षणी धोका उत्पन्न होऊ लागेल त्या क्षणी बटण दाबावयाचे असते. ७५ पैकी ४४ गुण आवश्यक. मला प्रत्येक चौकटीत धोका दिसे. फुटपाथवरचा कुत्रा, फाटकाजवळची आजीबाई, उभ्या ट्रकच्या आडून डोकावणारी सायकल, सगळ्यांसाठी मी बटण दाबीत सुटलो, आणि अशा अखंड दाबण्यास यंत्र फसवणूक समजून त्या फितीचे शून्य गुण देते हे मला निकालानंतर कळले. ज्या शहरात धोका हा अपवाद नसून हवेसारखा सर्वव्यापी असतो तेथे घडलेली नजर ती. तिला धोक्याचा आरंभ व धोक्याचे अस्तित्व यांतील भेद शिकवावा लागला. दुसऱ्या खेपेस सुटलो.

रस्त्यावरच्या परीक्षेसाठी तारीख मिळणे हीच अलीकडे परीक्षा झाली आहे. कित्येक ठिकाणी पाच-सहा महिने थांबावे लागते. म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे, की त्या देशी पाऊल ठेवल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच शिकाऊ परवाना काढावा, लेखी परीक्षा उरकावी, आणि भारतीय परवान्याची मुभा चालू असतानाच रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख घेऊन ठेवावी. लेखी परीक्षेचा दाखला दोन वर्षे चालतो, त्यामुळे घाई करण्यात तोटा काहीच नाही. शिवाय ती परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर परवानाही तेवढ्याच गाड्यांपुरता मिळतो, हेही आधी ठरवावे.

परीक्षेपूर्वी मी एका वृद्ध शिक्षकाकडे आठ तास शिकलो. आपल्याकडे त्यांना सर म्हटले असते. तेथे त्यांनी पहिल्याच दिवशी नावाने हाक मारण्यास सांगितले, आणि मला ते शेवटपर्यंत जमले नाही. त्यांचा एकच आक्षेप होता: तुम्ही गाडी उत्तम चालविता, पण आरशात पाहत नाही. मी पाहत होतो, केवळ बुबुळे फिरवून. परीक्षकास दिसेल अशी मान हलत नव्हती. पहिल्या परीक्षेत मात्र आरशाने नव्हे, एका बाईंनी मला नापास केले. झेब्रा पट्ट्यांवर त्यांनी पहिले पाऊल टाकले होते, आणि मी, त्या थांबतीलच अशा पिढीजात विश्वासाने, पुढे निघून गेलो. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ असतात, गंभीर चूक एकही चालत नाही. परीक्षकांनी उरलेली पंचवीस मिनिटे शांतपणे मला फिरविले आणि उतरताना हवेबद्दल दोन शब्द बोलले. चार महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा पट्ट्यांपासून वीस फुटांवर उभ्या असलेल्या कबुतरासाठीदेखील वेग कमी केला, आणि उत्तीर्ण झालो.

विम्याबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण आपले लोक चुकतात ते येथेच. भारतात मिळविलेला नो क्लेम बोनस, तो पन्नास टक्क्यांचा असला तरी, तेथील बहुतेक कंपन्या जमेस धरीत नाहीत. तरी आपल्या कंपनीकडून त्याचा लेखी दाखला घेऊन जावा, क्वचित एखादी मानते. कोठे राहता, रात्री गाडी कोठे उभी असते, वर्षाकाठी किती मैल चालेल, धंदा कोणता, या सर्वांवर हप्ता ठरतो. त्यात थोडे इकडचे तिकडे केले की आकडा झर्रकन खाली येताना दिसतो, आणि मोहाचा क्षण तोच. २०१२च्या कायद्याप्रमाणे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाजवी काळजी घेऊन खरी देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. खोटेपणा उघड झाला की भरपाई नाकारता येते. गाडी मुख्यतः मुलगा चालवितो आणि कागदोपत्री मुख्य चालक म्हणून वडिलांचे नाव, ही आपल्या कुटुंबांत निरुपद्रवी वाटणारी तजवीज तेथे सरळ लबाडी गणली जाते. गाडी केवळ घरगुती वापरासाठी नोंदवून रोज स्टेशनापर्यंत नेली, तरी तो नोकरीचा प्रवास समजला जातो. विद्यार्थिदशेतील मुले संध्याकाळी घरोघर जेवण पोहोचविण्याचे काम करतात, त्यास तर वेगळाच विमा लागतो. व्हॉट्सॲपवर निम्म्या दरात पॉलिसी देणारा भला माणूस भेटला, तर मोटार इन्शुरर्स ब्युरोच्या नोंदीत आपल्या गाडीचा क्रमांक आहे की नाही हे पाहून घ्यावे. आणि घाईत घेतलेल्या पॉलिसीचा पश्चात्ताप झाल्यास चौदा दिवसांत ती मोडता येते, हे लक्षात असू द्यावे.

गेल्या गणेशोत्सवात लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, १९३२ सालापासून चालत आलेल्या त्या संस्थेत, नाशिकचा एक तरुण भेटला. नवी गाडी घेतल्याचे पेढे तो वाटीत होता. मी विचारले, “अरे, तू इकडे आलास केव्हा?” तो म्हणाला, “काका, गेल्या ऑक्टोबरात, नऊ तारखेला. पण मी मे महिन्यात घरी जाऊन आलो ना.” मी त्याला बोटांवर मोजावयास लावले, जेमतेम तीन आठवडे उरले होते. त्यानंतर शिकाऊ परवाना, गाडीस ‘एल’ची पाटी, शेजारी एकवीस वर्षांवरील व तीन वर्षांचा पक्का परवाना असलेला मनुष्य, आणि हे सारे विमाकंपनीस कळविलेले, यावाचून त्यास किल्ली फिरविता येणार नव्हती. “मग गाडी नुसती उभी ठेवतो,” तो म्हणाला. तीही रस्त्यावर उभी राहणार असेल तर विमा व कर दोन्ही चालू ठेवावे लागतील, हे मी सांगितले, तेव्हा त्याने पेढ्यांचा डबा माझ्या हाती दिला आणि तेथेच खांबाला टेकून मोबाईलवर अर्ज भरावयास घेतला. अर्जात गेल्या तीन वर्षांचे सगळे पत्ते मागितले होते, आणि नाशिकच्या घराचा पिनकोड त्याला काही केल्या आठवेना. तो त्याने आईला फोन करून विचारला. तेव्हा तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.