शितावरून भात

अगं, आधी जरा बस. काल रात्री फोनवर तू ज्या आवाजात म्हणालीस, "ताई, पेस्ट जुनी निघाली गं," त्यावरून मला वाटलं कोणाला दवाखान्यात न्यायचंय की काय. आणि निघालं काय, तर फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातली ५० ग्रॅमची सोल्डर पेस्टची डबी. तारीख उलटून १४ महिने झालेले, सोमवारी तीन बोर्ड दाखवायचे, आणि नवी मागवली तर मंगळवारी येणार. बघ, यापेक्षा वाईट रात्री मी काढल्यात, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच वेंधळेपणामुळे. तेव्हा घाबरायचं नाही. डबी लगेच फेकायची नाही, आणि लगेच बोर्डावर फासायचीही नाही.

शिळं नेमकं काय होतं ते आधी समजून घे. त्या राखाडी चिखलात वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास धातू असतो. तुझ्या डबीवर ६३/३७ लिहिलंय, म्हणजे ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं. 'टाइप ४' म्हणजे त्याचे गोळे साधारण २० ते ३८ मायक्रॉनचे. उरलेला सगळा फ्लक्स, पण तो इतका हलका की जागेच्या हिशेबाने जवळजवळ निम्मी डबी त्याचीच. धातू शिळा होत नाही गं. माझ्याकडे बाबांच्या वेळचं सोल्डरच्या तारेचं रीळ आहे, अजून झकास चालतं. तारेत फ्लक्स पोटात बंद असतो. पेस्टमध्ये मात्र तो पहिल्या दिवसापासून त्या असंख्य गोळ्यांच्या अंगाला लागून बसलेला. बोर्डावर करायचं काम तो डबीतच थोडंथोडं उरकत राहतो, त्याचा द्रावक उडत जातो, गोळ्यांवर ऑक्साइडची साय धरते. मग ऐन वेळी त्याच्यात दमच उरत नाही.

आजीला विचार, तिने कल्हईवाला पाहिला असेल. भांडं तापलं की तो नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि मग कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की काळवंडलेलं पातेलं चांदीसारखं लखलखायचं. नवसागर नसता तर कथील भांड्याला धरलंच नसतं, नुसतं घरंगळलं असतं. आपला फ्लक्स म्हणजे तो नवसागर. (खरा नवसागर बोर्डावर वापरू नकोस हं, सगळं गंजतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण मला एकदा ती शक्कल सुचली होती.)

आता तारखेचं. खरं सांगू का, तारीख ही अर्धीच गोष्ट आहे. बनवणारे सहा महिने किंवा वर्ष लिहितात ते बहुतेक वेळा डबी ० ते १० अंशांत राहील असं धरून. तुझी डबी पहिल्यापासून फ्रिजात आहे हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मी एकदा एप्रिलमध्ये पुण्यात तपकीर गल्लीतून कोरी डबी आणली, आठ महिने शिल्लक असलेली, आणि दुपारभर स्कूटीच्या डिकीत विसरले. संध्याकाळी उघडली तर वर तेलकट थर, खाली घट्ट गोळा. तारीख शाबूत, पेस्ट गेलेली! म्हणून सांगते, डबीवर काय छापलंय त्यापेक्षा डबीने काय काय सोसलंय ते विचारात घे.

आणि हो, तो फ्रिज खाण्यापिण्याचा आहे का गं? मग आज ती डबी एका हवाबंद डब्यात घाल, त्यावर मोठ्या अक्षरात 'शिसं, खायचं नाही' असं लिही, आणि जमेल तितक्या लवकर तिची सोय दुसरीकडे कर. मी शहाणीने एकदा पेस्टची सिरिंज श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती. सासूबाईंनी पाहुण्यांसमोर डबा उघडला. त्या दिवशीचं त्यांचं तोंड आठवलं की मला अजून हसू येतं आणि पाठोपाठ काटाही येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंड डबी लगेच उघडायची नाही. फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं बघ, तसंच डबी उघडली की हवेतला ओलावा पेस्टवर बसतो. नुसता दिसायला ओलावा. पण तापवल्यावर तो वाफ होऊन उडतो आणि सोबत सोल्डर उडवतो. पावसाळ्यात मी हा पराक्रम केला होता. हॉट प्लेटवर मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि आयसीच्या पायांमध्ये मोत्यांसारखे बारीक गोळे. भिंग लावून सुईने एकेक काढत पहाटेचे तीन वाजले. तेव्हा झाकण बंद ठेवून तीन-चार तास तरी बाहेर राहू दे. हिटरजवळ ठेवायची नाही, कोमट पाण्यात बुडवायची नाही, उन्हात तर मुळीच नाही.

मग उघड आणि नुसतं बघ. वर फ्लक्सचा पातळ थर आला असेल तर घाबरू नकोस, आंब्याच्या लोणच्यावर तेल येतंच की. प्लॅस्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने, एकाच दिशेने, मिनिट-दोन मिनिटं ढवळ. फेटायचं नाही, अंडं नाहीये ते. पट्टी उचल. पिठलं पळीवरून सुटावं तशी पेस्ट जाड लगद्याने सावकाश सुटली तर तिच्यात जीव आहे. पट्टीला चिकटून ढेकूळ होऊन राहिली तर थोडी मदत लागेल. आणि पाणी न घातलेल्या रव्यासारखी भुसभुशीत सुटली तर तिथेच थांब, त्यात तुझी चूक नाही.

पट्टीवर उरलेली पेस्ट मात्र डबीत परत टाकायची नाही. स्टेन्सिलवरून खरवडलेली तर नाहीच नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की आई कशी ओरडते? तसंच समज.

आता शितावरून भाताची परीक्षा. बाथरूमच्या टाइलचा एखादा तुकडा मिळतो का बघ, किंवा मायक्रोस्कोपची काचेची पट्टी. सोल्डर जिथे धरणारच नाही अशी जागा हवी. त्यावर मसुराच्या डाळीएवढा ठिपका ठेव, तुकडा हॉट प्लेटवर ठेव, आणि डोळे तिथून हलवू नकोस. आधी ठिपका घामेजतो, कडेने पिवळसर फ्लक्स सुटतो. मग तो बसका होतो. काही क्षण काहीच होत नाही, आणि नवखी मुलगी नेमकी इथेच मान वळवते. १८३ अंशांना ६३/३७ वितळतं. त्या क्षणी राखाडी कडेला एक चकाकी उठते, ती आत धावते, आणि सगळा ठिपका टपकन गोळा होऊन एकच चमचमता मणी होतो. मला तो क्षण इतका आवडतो की कधीकधी गरज नसतानाही मी चाचणी करते.

एक स्वच्छ मणी आणि भोवती फ्लक्सचं वर्तुळ, बास, पेस्ट चांगली आहे, तारीख विसर. भोवती दोन-चार बारीक कण राहिले तरी घरगुती कामाला चालेल. पण मण्याभोवती कणांचा सडाच पडला असेल, किंवा मणी झालाच नाही आणि भिंगातून द्राक्षांचा घोस दिसतोय, तर फ्लक्स संपलेला आहे. गोळे आतून वितळलेत, पण अंगावरची साय त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. साबुदाण्याची खिचडी मोकळी झाली की आपण मिरवतो, इथे मात्र सगळं एकजीव व्हायला हवं.

मधल्या अवस्थेत असेल तर एक उपाय आहे. लागेल तेवढीच पेस्ट काचेवर काढ आणि तिच्यात सिरिंजमधला चिकट फ्लक्स टाचणीच्या डोक्याएवढा मिसळ. पुन्हा चाचणी कर. सुधारली तर तेवढीच वापर. आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पातळ करायची नाही! मी केलं होतं. पाच मिनिटं पेस्ट अशी सुरेख मऊ झाली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग पॅडवरून ओघळून शेजारच्या पॅडला जाऊन मिळाली, आणि अल्कोहोल उडाल्यावर पुन्हा दगड. त्या दिवशी बोर्ड पुसण्यातच सगळी बाटली संपली.

चाचणी पास झाली तरी सगळ्या पार्टना एकच न्याय लावू नकोस. ठिपका जितका लहान तितका त्यातल्या धातूच्या मानाने उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून म्हातारी पेस्ट लहान पॅडवर आधी हात टेकते. तुझ्या बोर्डावर बहुतेक ०८०५ चे रेझिस्टर आणि बाहेर पाय असलेले आयसी आहेत ना? ते निभावतील. ०४०२ चा कपॅसिटर म्हणजे १ मिलिमीटर बाय अर्धा, तिथे द्राक्षं दिसायची शक्यता जास्त. आणि तो चौकोनी क्यूएफएन, ज्याचं मोठं पॅड पोटाखाली आहे, तिथे जुनी पेस्ट मी तरी लावणार नाही. बाकीचे सांधे भिंगातून बघता येतात, त्याच्या पोटात काय झालंय ते कोण बघणार? त्याच्या पॅडवर आयर्नने तारेचं सोल्डर पातळसं चढव, पोटाखाली तर अगदी नावापुरतं, नाहीतर चिप तरंगत बसते. वर फ्लक्स लाव, चिप ठेव, हॉट एअर दे. पेस्टचं काम पेस्टशिवाय होतं, आपण ते विसरतो इतकंच.

तापवतानाही जुन्या पेस्टला ताटकळत ठेवू नकोस. आपल्याला वाटतं हळूहळू तापवलं की सुरक्षित. पण थोडासाच फ्लक्स उरलाय, तो वाट बघण्यातच जळून जातो. १५० च्या आसपास मिनिटभर पुरे, मग न रेंगाळता २१० ते २१५ पर्यंत ने, सगळं चमकलं की अर्धा-पाऊण मिनिट धर आणि उतरव. तव्यावर पोळी कोरडी पडेपर्यंत ठेवतो का आपण?

मैत्रिणीकडची बिस्मथची पेस्ट थोडी मिसळू का, असं विचारलंस ना? नाही गं बाई. ती एकटी १३८ अंशांना वितळते म्हणून सोयीची वाटते, पण बिस्मथमध्ये शिसं मिसळलं की ९६ अंशांच्या आसपास वितळणारा मिश्रधातू सांध्यात तयार होऊ शकतो. तुझ्या बोर्डावरचा रेग्युलेटर गरम होतो. एक दिवस पार्ट आपणहून पाय सोडतील आणि तू प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसशील. तिचीच पेस्ट वापरायची तर पूर्ण बोर्डाला तीच, आणि पॅडवर आधीचं शिशाचं सोल्डर नसेल तरच.

शिशाला भ्यायचं नाही, पण त्याचा आदर करायचा. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. नाकाला झोंबतो तो फ्लक्सचा धूर, त्याला खिडकी आणि पंखा हवाच. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. तेव्हा हातमोजे घाल, टेबलावर चहा-बिस्किटं ठेवायची नाहीत, आणि उठलीस की नखांसकट साबणाने हात धू. हॉट प्लेट म्हणून घरातला तवा उचललास तर तो कायमचा या कामाला, पुन्हा त्यावर डोसा नाही. पुसलेले बोळे आणि मेलेली पेस्ट झाकणाच्या बाटलीत साठव आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे. घरात रांगतं बाळ असेल, किंवा कोणी गरोदर असेल, तर हे काम घरात नकोच. पुढच्या वेळी शिसं नसलेली पेस्ट घे. ती २१७ अंशांना वितळायला लागते, प्लेट जास्त तापवावी लागते, एवढंच.

आणि एक, हे बोर्ड तुझ्या प्रोजेक्टचे आहेत म्हणून मी हो म्हणतेय. उद्या कोणी पैसे देऊन करून घेतलं, किंवा लिथियमची बॅटरी चार्ज करणारा बोर्ड असला, तर मण्याने कितीही चमकून दाखवलं तरी नवी सिरिंज आण. १० ग्रॅमची आण, ५० ची नको. स्वस्त पडते म्हणून मोठी डबी घ्यायची आणि मग वर्षभर तिच्याकडे बघून अपराधी वाटून घ्यायचं, हा उद्योग मी तीनदा केलाय.

आता ऊठ. डबी फ्रिजमधून काढून टेबलावर ठेव, झाकण बंद. सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही, रात्री दोन वाजता जाग आली तरी नाही. टाइलचा तुकडा घासूनपुसून तिच्या शेजारी ठेव. जेवलीस का? नसशील तर आधी दोन घास खा, मग झोप. उद्या मणी झाला की फोटो पाठव, घोस झाला तरी पाठव. मी आंघोळ उरकून फोनजवळच असेन.