आगमनकाळाचा अर्थ

ख्रिस्ती वर्षाचा आरंभ जानेवारीत होत नसून नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी होतो. हाच आगमनकाळ. 1970 साली 29 नोव्हेंबरास नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तो दिवस या काळाचा पहिलाच रविवार होता.

आपल्या बीड जिल्ह्यात मात्र हा काळ येतो तेव्हा कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस गेलेली असतात. मंडळीच नाही, तर आगमन कोणास सांगावे, असे उपदेशक विचारतात. आम्हांस उलट वाटते. वाट पाहणे म्हणजे काय, हे मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांहून अधिक कोण जाणतो? नातवंडे सांभाळणारी आजी रोज अंगण झाडते, दाणे राखून ठेवते. कारण लेक येणार हा तिचा भरवसा आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायातील चाकरही असेच दिवे लावून धन्यासाठी जागे असतात. (नव्या कापडांच्या खरेदीआधी हा अध्याय वाचावा!)

गव्हाणीत आलेला प्रभु न्यायाधीश होऊन पुन्हा येणार आहे. म्हणून या चार आठवड्यांत पश्चात्तापही आहे: कोणाची मजुरी अडविली असेल ती द्यावी, भावाशी अबोला असेल तो मोडावा. आणि उपदेशकांनी एखाद्या रविवारी तोडीवरील कोप्यांत जाऊन, सायंकाळी चुली पेटल्यावर, हाच पाठ तेथे वाचावा.