झिजलेली नळी आणि परवान्यावरील नोंद

कल्याण–कसारा लोहमार्गावरील खडवली हे भातसा नदीकाठचे गाव आहे. अशा गावातील एखाद्या परवानाधारकाची जुनी रायफल नेम धरीनाशी झाली, तर 'नळी मोठी करून घ्यावी' असा सल्ला मिळू शकतो. तो अमलात आणण्यापूर्वी त्यामागील तंत्र व कायदा समजून घेणे हितावह आहे.

रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळीला फिरकी मिळून ती सरळ जाते. दारूच्या तप्त वायूंमुळे, विशेषतः काडतूस बसते त्या बाजूस, या खाचा झिजतात. जुन्या काडतुसांतील स्फोटक टोपीचे क्षार नळीत राहून ओलावा शोषतात आणि गंज चढतो. कोकणच्या पावसाळ्यात हा धोका अधिक असतो.

अशा नळीचा व्यास वाढवून नव्या खाचा पाडता येतात किंवा ती गुळगुळीत ठेवता येते. भारतात याचे ठळक उदाहरण पोलिसांच्या मस्केटचे आहे. ब्रिटिश राजवटीत ०.३०३ इंची ली-एन्फिल्ड रायफलींच्या नळ्या ०.४१० इंचापर्यंत, म्हणजे सुमारे ७.७ वरून १०.४ मिलिमीटरपर्यंत, वाढवून गुळगुळीत करण्यात आल्या. तथापि, बदल केवळ नळीपुरता नव्हता. काडतुसाचा कप्पा बदलला, नवे काडतूस तयार झाले आणि शस्त्र एकेरी बाराचे करण्यात आले.

व्यास वाढविताना नळीची भिंत पातळ होते. धातूची मजबुती, वायूचा दाब व काडतूस यांचा मेळ चुकल्यास नळी फुटून चालविणाऱ्याचा हात वा डोळा जाऊ शकतो. म्हणून हे काम गावच्या लेथवर करावयाचे नव्हे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रात बदल किंवा दुरुस्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. व्यास बदलला की परवान्यावरील शस्त्राचे वर्णनही जुळत नाही. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुकीसही हाच नियम लागू आहे.

यास्तव झिजलेले शस्त्र वापरणे थांबवून परवाना प्राधिकाऱ्यास लेखी कळवावे व तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी हे ग्रामसभेत समजावून सांगितल्यास एखादा अपघात आणि एखादा खटलाही टळेल.