कांद्याच्या सालीतील क्वर्सेटिन आणि कांद्याची साठवण

कांदा सोलल्यावर त्याची तांबूस साल कचरा म्हणून टाकली जाते. परंतु कांदा साठविणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच साल मालाची राखण करणारी आहे. खडकवासला धरणाच्या मुठा उजव्या कालव्यावर हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांत रब्बी कांदा घेणाऱ्या बागायतदारांनी हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

क्वर्सेटिन म्हणजे काय ?

वनस्पतींत निसर्गतः तयार होणाऱ्या फ्लॅव्होनॉइड वर्गातील हे पिवळे द्रव्य होय. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे १० व ऑक्सिजनचे ७ अणू असतात. ते थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सोड्याच्या पाण्यात मात्र विरघळते. कांद्याच्या गरात ते साखरेशी जोडलेले असते, तर सुक्या सालीत बहुतांशी मोकळे असते. बाहेरील पापुद्र्यांत त्याचे प्रमाण अधिक असून आत जावे तसे ते घटते. लाल कांद्यात ते भरपूर व पांढऱ्या कांद्यात अत्यल्प आढळते.

सालीचे संरक्षण

पांढऱ्या कांद्यावर काळसर डाग पाडणारी एक बुरशी रंगीत कांद्यावर सहसा का येत नाही, याचा उलगडा अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील वॉकर व लिंक या शास्त्रज्ञांनी १९२९ ते १९३३ या काळात केला. रंगीत सालीत प्रोटोकॅटेच्युइक आम्ल व कॅटेकॉल ही द्रव्ये असतात. ती सालीवरील ओलाव्यात उतरतात व बुरशीचे बीजाणू रुजू देत नाहीत. यांपैकी प्रोटोकॅटेच्युइक आम्ल क्वर्सेटिनच्या विघटनातून तयार होते. साल निघालेल्या कांद्यास हे संरक्षण उरत नाही. तथापि चाळीतील काळी बुरशी लाल कांद्यासही लागते. म्हणून केवळ रंगावर विसंबून राहू नये.

शेतकऱ्यांनी काय करावे ?

१. लागणीनंतर ६० दिवसांपुढे नत्रखत देऊ नये. माना जाड राहून कांदा नीट सुकत नाही.

२. निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी. त्यापूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे.

३. काढलेला कांदा पातीसह ३ ते ५ दिवस शेतात सुकवावा. एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकावेत, म्हणजे ऊन लागून साल तडकत नाही.

४. ३ ते ४ सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी व कांदा सावलीत सुमारे दोन आठवडे पातळ थरात पसरावा.

५. सोललेले, जोड व डेंगळ्याचे कांदे वेगळे काढून आधी विकावेत. चाळीत हवा खेळती ठेवावी व थर पाच फुटांपेक्षा उंच करू नये.

गावात दाखविण्याजोगा प्रयोग

मूठभर सुकी साल पाण्यात उकळून गाळावी. तुरटीच्या पाण्यातून काढलेले सुती कापड त्या पाण्यात बुडविल्यास पिवळसर रंग धरते. सालीत क्वर्सेटिन आहे, ही गोष्ट यावरून श्रोत्यांस सहज पटविता येते. मात्र कांदा हे रोगावरील औषध आहे, असे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सांगू नये.

उन्हाळ्यात बाजारात आवक वाढून भाव उतरतो तेव्हा ज्याचा कांदा टिकतो, त्यालाच थांबता येते. हे बळ सालीत आहे. ती चाळीपर्यंत शाबूत नेणे शेतकऱ्याच्या हाती आहे.